मार्क्स, तालीम आणि एम-थ्रीचा बॅक

प्रश्न : ताई नमस्कार, मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, म्हणजे टीईला आहे, ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन). फर्स्ट इयरपासून कॉलेजच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये लाइट्स करते, पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा झाली की लगेच फिरोदिया करंडकाची गडबड, म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने तालमीतच जातात. एफईला (पहिल्या वर्षाला) ग्रेडची सरासरी, म्हणजे सीजीपीए, ८.६ होती, आता ७.१ वर आलीये आणि एम-थ्रीचा (दुसऱ्या वर्षाच्या गणिताचा) बॅक, म्हणजे राहिलेला पेपर, अजून निघालेला नाही. बाबा म्हणतात नाटक बंद, सीनियर्स म्हणतात मार्क्स कोण विचारतंय, नोकरी स्किलवर मिळते. मला दोन्ही पटतं आणि दोन्ही पटत नाही. मार्क्सना खरंच किती किंमत आहे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आधी एम-थ्रीचं बोलू, कारण ८.६ चे ७.१ झाले यापेक्षा मला त्या बॅकची जास्त काळजी वाटते. तुमच्या युनिव्हर्सिटीत एसई (दुसरं वर्ष) पूर्ण क्लिअर झाल्याशिवाय बीईला (शेवटच्या वर्षाला) जाता येत नाही, म्हणजे हा एक पेपर राहिला तर थेट वर्ष जाईल, आणि मग नाटक बंद करायचं की नाही हे घरात तुला कोणी विचारणारच नाही. तेव्हा परीक्षेचा फॉर्म कधी सुटतोय ते या आठवड्यात बघ आणि रोज तासभर फक्त एम-थ्रीला दे, तालीम असो नसो.

आता मार्क्सचं. सीनियर्स म्हणतात ते अर्धं खरं आहे. कॅम्पसला कंपनी येते तेव्हा ती आधी चाळण लावते, बऱ्याच ठिकाणी दहावी, बारावी आणि इंजिनिअरिंग तिन्हीकडे ६० टक्के आणि लाइव्ह बॅक नको. त्यात बसलीस तर पुढे ७.१ आणि ८.६ यात फार फरक पडत नाही, टेस्ट आणि इंटरव्ह्यूवर ठरतं. पण चाळणीतच अडकलीस तर तुझं स्किल बघायला समोर कोणी बसलेलंच नसतं. आणि कंपन्या सातव्या सेमच्या सुरुवातीला यायला लागतात, त्यामुळे त्यांना दिसतो तो सहाव्या सेमपर्यंतचा सीजीपीए, म्हणजे तुझ्याकडे हेच वर्ष आहे, बीईला भरून काढू असं म्हणून चालणार नाही.

तुला पुढे काय करायचंय यावर पण खूप अवलंबून आहे गं, आणि ते तू पत्रात लिहिलंच नाहीस. यूपीएससी, एमपीएससीच्या राज्यसेवेला पदवी लागते, टक्क्यांची अट नाही. एमबीएसाठी कॅट द्यायची तर ओपनला ५० टक्के पुरतात, पण आयआयएमवाले शॉर्टलिस्ट करताना दहावीपासूनचे सगळे मार्क्स मोजतात. बाहेर एमएस करायचं असेल तर ट्रान्सक्रिप्टमधला एकेक विषय बघितला जातो, तिथे ७.१ वरून खाली जाणं परवडणार नाही. आणि लाइट्समध्येच पुढे जायचं असेल, दिल्लीची एनएसडी (राष्ट्रीय नाट्य विद्यालय) किंवा पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, तर पदवी हवी आणि केलेलं काम हवं, तिथे डिस्टिंक्शन कोणी विचारत नाही. यातलं तुझं कुठलं हे आधी ठरव, नाहीतर प्रत्येकाच्या सल्ल्याने रोज वेगळं वाटत राहील.

नाटक बंद कर असं मी सांगणार नाही. १९६३ पासून पुरुषोत्तम चालू आहे, त्यातून आलेली किती माणसं आज नाटक-सिनेमात आणि त्याच्या बाहेरही उत्तम काम करतायत. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, यांचे एमबीबीएसचे मार्क्स आज कोणाला माहीत नाहीत पण डिग्री तिघांनीही पूर्ण केली, आणि डॉ. लागू १९६९ मध्ये पूर्णवेळ नाटकात आले ते बरीच वर्षं प्रॅक्टिस करून. बाबांना हे सांग, पण एम-थ्री काढल्यावर सांग.

अजून एक, तुझं लाइट्सचं काम तुझ्या ब्रँचपासून लांब नाहीये. बोर्डवरून दिव्यांना जो सिग्नल जातो तो डीएमएक्स-५१२, त्याच्याखाली आरएस-४८५ (तारेतून डेटा पाठवायची एक ठरलेली पद्धत) आहे, जे तू अभ्यासात शिकतेस तेच. मिनी प्रोजेक्टला छोटा डीएमएक्स कंट्रोलर घे, गाइडला विचार, मायक्रोकंट्रोलरवर होतो. तोच ग्रुपला वापरता येईल आणि इंटरव्ह्यूत बोलायला स्वतःच्या हाताने केलेलं काहीतरी असेल.

आणि वेळेचा हिशोब खरा मांड. तालीम सहाला सुरू होते, पण लाइट्सवाल्यांची गरज ब्लॉकिंग (नटांच्या स्टेजवरच्या जागा आणि हालचाली) बसल्यावर लागते, तोपर्यंत तू रोज तिथे कशासाठी असतेस? ग्रुप सोडवत नाही, मला समजतं, ती ओढ खरी असते. पण दिग्दर्शकाशी बोलून सुरुवातीचे पंधरा दिवस एक दिवसाआड जा, लायब्ररीत बस. स्पर्धेची प्राथमिक फेरी आणि इन-सेम (सेमिस्टरच्या मधली परीक्षा) बऱ्याचदा एकाच सुमारास येतात, तेव्हा हे पंधरा दिवसच कामाला येतील.

प्रश्न : मुलगी एसवाय बीएस्सीला आहे, विद्यापीठाच्या संघातून कबड्डी खेळते. अभ्यास मागे पडतोय. खेळू द्यावं का?
— एक पालक, सातारा

उत्तर : जरूर खेळू द्या. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्या पदाला लागणारी पदवी तरीही हवीच, आणि नुसता भाग घेतल्याचं सर्टिफिकेट सहसा पुरत नाही, कुठल्या स्पर्धेतलं पदक कुठल्या पदाला चालतं हे जीआरमध्ये दिलेलं असतं. तो जिल्हा क्रीडा कार्यालयातून नीट समजून घ्या, सर्टिफिकेटांची पडताळणीही वेळेत करून घ्या, ऐन भरतीच्या वेळी धावपळ नको. तिला पुढे प्राध्यापक व्हायचं असेल तर मात्र नेटसाठी एमएस्सीला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ५०, आणि बीएस्सीचा पाया कच्चा राहिला तर ते जड जातं. स्पर्धेमुळे प्रॅक्टिकल बुडणार असेल तर जिमखान्याचं पत्र डिपार्टमेंटला आधीच देऊन ठेवायला सांगा, नंतर दिलेलं पत्र बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत.