वाचक विचारतात: कपाशीच्या खोडातली चपटी अळी

प्रश्न : कोरडवाहू कपाशीत भर वाढीत मधलेच एखादे झाड सुकते. खोड चिरले तर आत पांढरी, पसरट डोक्याची अळी निघते. वाण बीटी आहे, तरी असे कसे? कॉपर ऑक्सिक्लोराइडची आळवणी (बुंध्याशी द्रावण ओतणे) करावी का?
– एक वाचक, पारोळा

उत्तर : ही कपाशीच्या खोडकिड्याची, म्हणजे स्फेनोप्टेरा गॉसिपी या लहान रत्नभुंगेऱ्याची अळी. तिला पाय नसतात. पसरट दिसते ते डोके नव्हे, छातीचा भाग. खरे डोके त्यात आत ओढलेले असते आणि बाहेर फक्त काळपट जबडे दिसतात. मादी जमिनीलगत खोडावर अंडी घालते. अळी आत शिरून खोड आणि सोटमूळ पोखरते व मागे भुसा ठासत जाते. तिथे खोड कधी कधी फुगते. कोष त्याच बोगद्यात होतो. बाहेर पडणारा भुंगेरा जेमतेम सेंटिमीटरभर, काळपट तांबूस आणि उन्हात चकाकणारा. बाभळीवरच्या हिरव्या सोनपाखराचाच हा भाऊबंद, पण मातकट रंगामुळे कुणाच्या नजरेत भरत नाही.

बीटीतली क्राय १ एसी व क्राय २ एबी ही प्रथिने पतंगवर्गीय अळ्यांसाठी आहेत. भुंगेऱ्याच्या अळीवर ती चालत नाहीत, तेव्हा बियाण्याला दोष देऊ नका.

आळवणीचा खर्च करण्याआधी दोन-चार झाडे उपटून खोड उभे चिरा. मूळकूज असेल तर झाड सहज उपटते, मुळाची साल सुटते आणि मर ठिपक्याठिपक्याने पसरते. ताणानंतर जोराचा पाऊस किंवा पाणी मिळून एक-दोन दिवसांत झाड मलूल झाले आणि मुळे शाबूत असली, तर ती आकस्मिक मर. बोगदा आणि भुसा दिसला तरच खोडकिडा. अळी आत असताना वरून काहीही फवारले तरी तिच्यापर्यंत पोचत नाही, आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड तर बुरशीनाशक आहे. सुकलेले झाड मुळासकट काढून नष्ट करा. नुसते तोडले तर अळी बुडख्यातच राहते.

खरी गोम पऱ्हाटीत, म्हणजे वेचणीनंतर उरलेल्या कपाशीच्या वाळल्या झाडांत आहे. सरपणासाठी बांधावर रचलेल्या ढिगातून पुढच्या पेरणीला भुंगेरे निघू शकतात. फरदड (वेचणीनंतर तेच पीक पुढे राखणे) न ठेवता वेचणी संपताच पऱ्हाटी मुळासकट उपटा. सरपण लागतेच, तर ते पावसाळ्याआधी जाळून संपवा.

प्रश्न : भुईमुगातही अशीच अळी दिसली. कपाशीतूनच आली का?

उत्तर : नाही. ती बहुधा स्फेनोप्टेरा इंडिका, याच प्रजातीतली वेगळी जात. तीही मूळ आणि खोड आतून पोखरते, त्यामुळे सुकलेली झाडे तशीच मुळासकट काढा.