जुन्या बी-२७५ ट्रॅक्टरची क्रँकची पुली गंजून बसली आहे, न तोडता कशी काढावी?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचा बी-२७५ कित्येक वर्षं शेडमध्ये उभा होता, आता पुढून ऑइल गळतंय म्हणून सील (ऑइल अडवणारी रबरी कडी) बदलायला घेतलं, आणि तीन पायांचा पुलर लावून ताणल्यावर पुलीच्या कडेचा टवका उडाला. तो पुलर आधी बाजूला ठेवा. पुली बिडाची आहे. बीड दाब झेलतं, वाकवायला गेलात की मोडतं. कडेला धरून ओढणं म्हणजे तिला वाकवणंच. ओढायचं ते हबला, म्हणजे मधल्या जाड भागाला.

आणि एक गोष्ट मनात पक्की करा. पुली गेली तर लेथवर नवी करून मिळते. क्रँकशाफ्टचं तोंड खराब झालं तर सगळं इंजिन उतरवायची पाळी येते. म्हणून घण घेऊन शाफ्टवर घाव घालायचे नाहीत. तो मार थेट क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवर, म्हणजे शाफ्टला मागेपुढे सरकू न देणाऱ्या चकतीवर जातो.

पुढचा नट निघालाय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. निघाला नसेल तर गाडी मोठ्या गिअरमध्ये टाका, ब्रेक लावा, चाकांना ओट लावा आणि पान्याला लांब पाइप घाला. हँडल मारून इंजिन सुरू करायची खाच असलेला नट असेल तर तो सरळ आट्याचाच, म्हणजे उजवीकडे फिरवून आवळायचाच असतो, कारण हँडल मारताना तो आवळला जायला हवा. सुटल्यावर पूर्ण काढू नका, चार आटे धरून राहू द्या. पुली एकदम सुटली तर अंगावर येणार नाही. हबवर ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा छोटा स्क्रू आहे का तेही बघा. रंगाखाली लपलेला असतो, आणि काही ठिकाणी एकावर एक असे दोन बसवलेले असतात. वरचा काढून माणूस खूश होतो आणि खालचा शाफ्टला धरून बसलेला असतो.

आता तेल. डिझेल चालतं, पण निम्मं पॉवर स्टिअरिंगचं ऑइल आणि निम्मं ॲसिटोन हे मिश्रण मला जास्त लागू पडलेलं आहे. अडचण अशी की शाफ्ट आडवा, त्यामुळे ओतलेलं सगळं जमिनीवर. इंजिन हाताने फिरवून चावीची (पुली शाफ्टवर फिरू न देणाऱ्या लोखंडी पट्टीची) खाच वर आणा आणि तिच्या तोंडाशी मळलेल्या कणकेचं छोटं आळं करा, झाडाला करतो तसं. चावीच्या वर थोडी फट असते, तेल तिथून आत उतरतं. रोज थोडं घाला, दोन-तीन दिवस जाऊ द्या. घाई असेल त्याने हे काम हातात घेऊच नये.

ओढण्यासाठी बार पुलर घरी होतो: १२ ते १६ मिलिमीटर जाडीची पट्टी, मध्ये दाबाचा स्क्रू, दोन्ही बाजूंना बोल्टची भोकं. पुलीच्या तोंडावर आट्याची दोन भोकं असतील तर ती याचसाठी आहेत. नसतील तर हबलगतच्या जाड भागात समोरासमोर दोन पाडून टॅप मारून, म्हणजे आत आटे पाडून घ्या. एक सांभाळा: हे मशीन इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीच्या घडणीचं. १९६३ साली महिंद्रा, व्होल्टास आणि ते अमेरिकन असे तिघे एकत्र आले आणि कांदिवलीत हा ट्रॅक्टर बनू लागला. त्यामुळे आटे इंची. तीन सुती (३/८ इंची) भोकात १० मिलिमीटरचा बोल्ट दोन आटे जातो आणि अडतो, तिथे जोर लावलात की आटे गेले. रेडिएटर मात्र काढावाच लागेल, नाहीतर पट्टी सरळ बसत नाही. पुढचा अ‍ॅक्सल सोडवायची वेळ आली तर आधी इंजिनाखाली भक्कम ठोकळे.

स्क्रू आणि शाफ्टच्या मध्ये तांब्याचा किंवा पितळेचा तुकडा ठेवा, ताण द्या आणि रात्रभर तसंच सोडा. पुष्कळदा सकाळी पुली हललेली दिसते. नाही हलली तर गॅस. पण आधी तेल-ॲसिटोन पूर्ण पुसून वाळू द्या, डिझेलची टाकी आणि नळ्या लांब करा, जवळ वाळूची बादली असू द्या. फक्त हब तापवायचा, ज्योत गोल फिरवत, शाफ्टला न लावता. समजा भोक ३५ मिलिमीटरचं आहे. हब शाफ्टपेक्षा १५० अंश जास्त तापला तर भोक जेमतेम ०.०६ मिलिमीटरने मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण गंजाची पकड मोडायला तेवढं पुरतं. पाण्याचा थेंब चुरचुरून उडाला की थांबा, लाल करू नका. वरून पाणी तर अजिबात नको, बीड तडकतं. सील जळेल, पण ते तुम्ही बदलणारच आहात. मग स्क्रू पाव फेरा आवळा आणि स्क्रूच्या डोक्यावर हलकेच टिचक्या मारा. सुटते तेव्हा ‘टक्’ असा आवाज येतो.

इतकं करूनही नाही आली तर पुलीचा मोह सोडा. चावीच्या बरोबर वर, हबच्या तोंडातून शाफ्टला समांतर भोकं पाडत जा आणि छिन्नीने हब फोडा. तिथे हब सर्वांत पातळ असतो आणि ड्रिल खाली घसरलं तरी चावी खाते, शाफ्ट वाचतो. तुकडे फेकू नका. पट्ट्याची रेघ नेमकी कुठे येते ते लेथवाल्याला त्यावरूनच मोजता येईल.

पुली शाबूत निघाली तर तिच्या मानेवर नख फिरवा, जिथे सील घासतं तिथे. खाच लागली तर नवं सीलही महिन्याभरात गळणार. मानेवर पातळ स्लीव्ह, म्हणजे धातूची नळी चढवून घ्या, किंवा जागा असेल तर सील दोन मिलिमीटर मागेपुढे बसवा म्हणजे ते कोऱ्या जागेवर टेकेल.