नोकरी-बिकरी, तुमचे प्रश्न: जॉइन होऊन महिना झाला नाही आणि दुसरी ऑफर आली

प्रश्न: ताई नमस्कार, मी बडोद्याच्या कलाभवनातून (एम.एस. युनिव्हर्सिटीचं इंजिनीअरिंग कॉलेज) बी.ई. मेकॅनिकल केलंय, वय २४, घर दांडिया बाजारात. तीन आठवड्यांपूर्वी मकरपुरा जीआयडीसीत (इथली औद्योगिक वसाहत) एका कंपनीत लागलो, परचेसमध्ये, सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ४ लाख २०. ही नोकरी बाबांच्या एका मित्रांनी शब्द टाकून मिळवून दिली. आता पुण्याजवळच्या चाकणहून ऑफर आलीय, तिथे मी आधी इंटरव्ह्यू दिला होता, उत्तर येईना म्हणून इथे हो म्हटलं. तिकडे ५ लाख ८० देतायत, त्यात ६० हजार व्हेरिएबल (नक्की नसलेला भाग), आणि काम डिझाइनचं आहे जे मला खरंच करायचंय. बाबा म्हणतात त्या मित्रांना, म्हणजे काकांना, तोंड कसं दाखवू, आई म्हणते पुण्याला जा, मित्र म्हणतात उद्यापासून जाऊच नको, फोन उचलू नको. काय करू? दोन्हीकडचे सॅलरी ब्रेकअप सोबत पाठवतोय.

उत्तर: ब्रेकअप पाठवलेस ते फार बरं केलंस, कारण बहुतेक मुलं फक्त वरचा आकडा सांगतात आणि सगळा घोळ तिथेच होतो.

आधी पैशाचं बघू. तुला वाटतंय वर्षाला १ लाख ६० हजार वाढले म्हणजे महिन्याला १३ हजार. पण सीटीसीत कंपनीचा पीएफचा वाटा असतो (बेसिकच्या १२ टक्के), ग्रॅच्युइटीची, म्हणजे बऱ्याच वर्षांच्या नोकरीनंतर सोडताना मिळणाऱ्या रकमेची, तरतूद असते (बेसिकच्या ४.८१ टक्के), हे दोन्ही दर महिन्याला तुझ्या हातात पडत नाहीत, वर तुझाही १२ टक्के पीएफ कापला जातो. तुझ्या कागदांवर दोन्हीकडे बेसिक निम्मं आहे, तिकडे ते व्हेरिएबल सोडून उरलेल्या ५ लाख २० चं निम्मं आहे. मी हिशोब केला, प्रोफेशनल टॅक्स धरून (गुजरातमध्ये महिन्याला २००, महाराष्ट्रात वर्षाचे २५००), तर इथे हातात येतात साधारण २९ हजार ७०० आणि चाकणला ३६ हजार ९००. इन्कम टॅक्सचा प्रश्न नाही, नव्या रेजिममध्ये १२ लाखांपर्यंत रिबेट आहे. म्हणजे खरा फरक ७ हजारांच्या जरा वर. व्हेरिएबल कधी आणि कशावर मिळणार ते लेटरमध्ये वाच, ते मिळेपर्यंत घरच्या बजेटमध्ये धरू नकोस.

आत्ता तू घरी राहतोस, आईच्या हातचं खातोस, गाडीवर मकरपुऱ्याला जातोस. तिकडे खोलीचं भाडं शेअरिंगमध्ये घेतलंस तरी डिपॉझिट, डबा, येणंजाणं, आणि दिवाळीला-गणपतीला बडोद्याला यायचं भाडं, त्यात ते ७ हजार सहज जातील. म्हणून माझं स्पष्ट मत, नुसत्या पैशासाठी जात असशील तर जाऊ नकोस, हातात काही उरणार नाही.

पण तुझ्या पत्रातलं एकच वाक्य मी परत परत वाचलं, डिझाइनचं काम खरंच करायचंय. हे कारण मला पटतं. परचेस वाईट नाही, चांगला परचेसवाला कारखाना वाचवतो हे मी जीआयडीसीतल्या एचआरमध्ये इतकी वर्षं काढून बघितलंय, पण दोन-तीन वर्षं परचेसमध्ये गेल्यावर डिझाइनला उडी मारणं अवघड होतं, सीव्ही बघणारा माणूस तुला परचेसचाच समजतो. तुझं वय २४, सॉफ्टवेअरवर हात आत्ता बसला तर बसला. जा.

आता कसं जायचं, आणि इथे मित्रांचं अजिबात ऐकू नकोस. उद्यापासून गायब होणं हा सगळ्यात वाईट रस्ता आहे. तुला घेतलं म्हणून इथल्या कंपनीने दुसऱ्या कुणाला नाही म्हटलं असेल, तो मुलगा अजून मोकळा असेल, तू आठवडाभर आधी सांगितलंस तर त्याला बोलावता येईल, फोन बंद करून बसलास तर दोघांचंही नुकसान.

चाकणचं लेटर सहीशिक्क्याचं हातात आहे ना, की फोनवर "हो पाठवतो" एवढंच आहे? लेखी नसेल तर इथे एक शब्द काढू नकोस. लेखी असेल तर तुझ्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये प्रोबेशनचा नोटीस पिरियड बघ, कायम झालेल्यांपेक्षा तो बहुतेक कमी असतो. जेवढा असेल तेवढा भर, आणि चाकणवाल्यांना जॉइनिंगची तारीख त्याप्रमाणे मागून घे, सभ्य कंपनी देते. नाही दिली तर नोटीसचे पैसे भरून सुटता येतं का ते एचआरला विचार.

राजीनाम्याचा मेल टाकायच्या आधी काकांकडे जा. फोन नको, घरी जा, बाबांना बरोबर घेऊन नकोस जाऊ, एकटा जा. सांग की काका, तुम्ही शब्द टाकलात, मला डिझाइनमध्ये जायचंय, ती संधी आता आलीय, कंपनीला मी स्वतः सांगणार आहे आणि नोटीस पूर्ण भरणार आहे. ते रागावतील कदाचित, रागावू देत, ऐकून घे. पण ही गोष्ट त्यांना त्या कंपनीच्या शेठकडून कळली तर मात्र बाबा म्हणतात तसं खरंच होईल. बाबांची काळजी खोटी नाही हे लक्षात ठेव, आपल्याकडे बडोद्यात मराठी माणसं एकमेकांना धरून राहतात, उद्या कुणा दुसऱ्या मुलासाठी काकांना शब्द टाकायचाय.

मग साहेबांना भेट, कारण एका वाक्यात सांग. ते पगार वाढवतो म्हणाले तर थांबू नकोस, तुझं कारण पगार नाहीच आहे.

आणि हे तीन आठवडे चाकणवाल्यांपासून लपवू नकोस. पीएफ सुरू झाला असेल तर यूएएनवर (तुझा पीएफचा नंबर) ते दिसणारच, व्हेरिफिकेशनमध्ये सापडलं तर खोटं बोललास असं होईल. इथली शेवटची तारीख आणि तिकडची पहिली तारीख एकमेकांवर येऊ देऊ नकोस. जुन्या कंपनीने एक्झिट डेट टाकली नाही तर दोन महिन्यांनी पीएफच्या पोर्टलवर तुला स्वतःला टाकता येते. पीएफ काढू नकोस, ट्रान्सफर कर. रिलीव्हिंग लेटर मागून घे, तीन आठवड्यांचं असलं तरी.

प्रश्न: मीही दोन महिन्यांपूर्वी जॉइन झाले, दोन वर्षांचा बॉन्ड आहे, मोडला तर दीड लाख, आणि सोडल्यावर दोन वर्षं त्याच लाइनमध्ये काम करायचं नाही असंही लिहिलंय. मार्कशीट त्यांच्याकडे आहेत. सगळे म्हणतात बॉन्डला काही अर्थ नसतो. (वाघोडिया रोड)

उत्तर: सगळे म्हणतात ते अर्धंच खरं आहे. दोन वर्षं त्याच लाइनमध्ये काम नको, ही अट नोकरी सोडल्यानंतर लागू पडत नाही, १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम २७ प्रमाणे असा करार रद्दबातल. आणि तुम्हाला जबरदस्तीने कामावर बसवायचा हुकूमही कोर्ट देत नाही. पण पैशाची अट वेगळी. कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाई मागता येते, लिहिलेल्या रकमेपर्यंत. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं सेवा नाहीतर २ लाख ही अट मान्य केली. ती सरकारी बँक होती, भरतीचा खर्च मोठा, तुमच्या कंपनीने तुमच्यावर खरंच काय खर्च केला, ट्रेनिंग दिलं का, यावर तुमचं ठरेल. म्हणून सोडायच्या आधी बॉन्डची कॉपी घेऊन एखाद्या लेबर वकिलाला दाखवा, आणि जमलं तर कंपनीशी बोलून रक्कम कमी करून घ्या, लेखी.

मार्कशीटचं मात्र आजच बघा. ओरिजिनल कागद कुणाकडे ठेवायचे नसतात. मेल करून परत मागा, त्यात कुठली कुठली आहेत ते नीट लिहा, राजीनाम्याचा विषयही काढू नका, कागद हातात आले की मग पुढचं बोला.