वाचकांचे प्रश्न: खिडक्या पुसणारा जॉर्ज आणि गिरणीतली ग्रेसी

प्रश्न: नातवाने मोबाईलवर एक जुनं इंग्रजी गाणं दाखवलं. दात पुढे आलेला एक हसरा माणूस छोट्या गिटारसारखं काहीतरी वाजवत खिडक्या पुसण्यावर गातोय. दोन दिवस डोक्यातून जाईना. हा कोण? आणि युद्धाआधी ब्रिटनमध्ये असे गाण्यांचे विनोदी सिनेमे निघायचे का? आम्हाला त्या काळचं फक्त हॉलिवूड माहीत.
(निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर: सर, तो जॉर्ज फॉर्म्बी, उत्तर इंग्लंडातल्या लँकेशरमधल्या विगनचा. हातात गिटार नाही, बॅंजोलेले आहे, म्हणजे गळा युकुलेलेचा आणि पोट बॅंजोचं. गाणं १९३६च्या 'कीप युवर सीट्स, प्लीज'मधलं. म्हातारीची इस्टेट एका खुर्चीत लपवलेली आणि खुर्च्या गेल्या लिलावात, मग पळापळ. (मूळ गोष्ट इल्फ-पेत्रोव या रशियन जोडीची.) खिडक्या पुसता पुसता आत नवीन लग्न झालेली जोडपी काय करतात ते हा पठ्ठ्या सांगतो, त्यामुळे बीबीसीने गाणं रेडिओवर लावायचं नाकारलं. रेकॉर्ड मात्र जोरात खपली, अशा वेळी खपतेच.

आणि हो, असे सिनेमे ढिगाने निघाले. १९२७ साली तिथे कायदा झाला की थिएटरवाल्यांनी आणि वितरकांनी ठराविक टक्के सिनेमे ब्रिटिशच दाखवायचे, कारण सगळीकडे अमेरिकन माल भरला होता. मग काय, कोटा भरायला फिल्मच्या फुटावर पैसे मोजून घाईघाईत काढलेले भिकार सिनेमेसुद्धा आले, ते म्हणे सकाळी झाडूवाल्या बायकांसमोर चालवून मोकळे व्हायचे. पण त्याच काळात म्युझिक हॉलमधली, म्हणजे गाणं, नकला, फालतू विनोद असल्या रंगमंचावर तयार झालेली माणसं कॅमेऱ्यासमोर आली आणि तिथे खरी गंमत आहे. ही माणसं कॅमेऱ्याकडे बघून नाही, शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाकडे बघून काम करतात. आपल्या संगीत नाटकातले नट सिनेमात आल्यावर जसं व्हायचं तसंच.

तुम्ही गाणारी नटी ग्रेसी फील्ड्सचा 'सिंग अ‍ॅज वुई गो' (१९३४) बघाच. ही पण लँकेशरची, रॉचडेलची, आजीच्या तळलेल्या मासे-बटाट्याच्या दुकानावरच्या खोलीत जन्मलेली, लहानपणी अर्धा वेळ कापड गिरणीत काम केलेली. सिनेमात गिरणी बंद पडते आणि ती सायकल मारत ब्लॅकपूलला, म्हणजे समुद्रकाठच्या सुट्टीच्या गावाला जाते, तिथे मिळेल ते काम, लॉजमध्ये मोलकरीण काय, टॉफी विकणं काय, जत्रेतल्या जादूच्या खेळात माणसाचं डोकं असलेला जाळं विणणारा कोळी काय! ब्लॅकपूल सेटवर उभं केलेलं नाही, शूटिंग खरंच तिथे झालंय, त्यामुळे सुट्टीला आलेली ती गर्दी बघायलाच सिनेमा परत लावावासा वाटतो. शेवटी गिरणी सुरू होते आणि ग्रेसी गात गात पुढे, मागे सगळे कामगार.

इथे एक गोष्ट आपल्याला टोचते. लँकेशरच्या गिरण्या खऱ्या आयुष्यात बंद पडत होत्या त्यामागे आपण पण होतो, मुंबईच्या गिरण्यांचं कापड, स्वदेशी, बहिष्कार. १९३१ला गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी मुद्दाम लँकेशरला डार्वेनमध्ये कामगारांना भेटायला गेले होते. सिनेमात यातलं काहीच नाही, भारताचं नावसुद्धा नाही. आणि आपल्या लालबाग-परळच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा असं गात परत आत कुणी गेलं नाही, त्यामुळे तो शेवट बघताना मला हसू पण येतं आणि थोडा रागही.

प्रश्न: जेसी मॅथ्यूजचा 'एव्हरग्रीन' बघितला आणि वेडी झाले! तिचं अजून काय बघू?
(पुणे)

उत्तर: व्हायलाच पाहिजे. १९३४चा सिनेमा, आई आणि मुलगी दोन्ही तीच, त्यात मुलगी आईच म्हणून स्टेजवर उभी राहते, लोक म्हणतात साठीची बाई अशी तरुण कशी, आणि तिचा प्रियकर जगासमोर तिचा मुलगा म्हणून वावरतो! तो हवेत तरंगल्यासारखा एकटीचा नाच मी किती वेळा मागे घेऊन बघितलाय विचारू नका. पुढे 'फर्स्ट अ गर्ल' (१९३५) लावा. मुलगी असते, पुरुष असल्याचं सोंग घेते, आणि तो 'पुरुष' स्टेजवर बाई होऊन नाचतो. बालगंधर्वांच्या महाराष्ट्रात हे समजवायला लागू नये. मूळ जर्मन सिनेमा १९३३चा. तिचा दिग्दर्शक हिचकॉकबरोबरचा 'वॉल्ट्झेस फ्रॉम व्हिएन्ना' मात्र नाही बघितला तरी चालेल, हिचकॉकलाच तो आवडत नव्हता.

प्रश्न: तुमच्या सांगण्यावरून ग्रेसी फील्ड्स लावली. अर्धं कळलं नाही. सबटायटल पण नाहीत.
(ठाणे)

उत्तर: चूक माझी, आधी सांगायला हवं होतं. ती लँकेशरची बोली आहे, घाटावरच्या माणसाने पहिल्यांदा मालवणी ऐकल्यावर होतं तेच. पंधरा-वीस मिनिटांनी कान सरावतो. नाहीतर आधी जेसीचे सिनेमे बघा, तिचं इंग्रजी एकदम खानदानी, सगळं कळतं. बाई लंडनच्या सोहोमधल्या भाजी-फळं विकणाऱ्याची मुलगी, तो उच्चार शिकवणी लावून कमावलेला. ग्रेसीने तसली शिकवणी लावली नाही, म्हणून तर तुम्हाला अर्धंच कळलं!