मैदान: कीवचं आणि कुंडलचं

प्रश्न असा आला आहे: "युक्रेनवरच्या एका लेखाचं भाषांतर करतो आहे. त्यात 'मैदान' आणि 'युरोमैदान' हे शब्द सारखे येतात. हा आपलाच 'मैदान' का? मराठीत तसाच ठेवू की 'चौक' करू?"

शब्द आपलाच, म्हणजे जितका आपला तितकाच त्यांचा. मूळ फारसी घरातलं. आपल्याकडे तो दरबारी फारसीतून आला. युक्रेनमध्ये क्रिमियाच्या तातारांकडून, तुर्कांकडून. शेजार म्हटला की लढाया होतात तशी देवघेवही होते. त्याच वाटेने 'बाजार' तिकडे 'बझार' होऊन पोचला, 'सराई'चा रशियनमध्ये 'साराय' झाला. फरक इतकाच की तिथे साराय म्हणजे अडगळीची शेड. इस्तंबूलचं 'ताक्सिम मेयदानी' आणि कैरोचं 'मैदान अत-तहरीर' याच गोतावळ्यातले. सर्बियनमधला 'मायदान' मात्र यांच्यात धरू नका. त्याचा अर्थ खाण, आणि तो अरबीतल्या दुसऱ्याच शब्दावरून आला आहे.

घोटाळा अर्थाचा आहे. मराठी वाचकाला मैदान म्हटलं की माती, गवत, क्रिकेटची खेळपट्टी दिसते. कीवचं मैदान म्हणजे शहराच्या मध्यावरचा फरसबंद चौक: कारंजी, मधोमध स्तंभ, पोटात भुयारी रेल्वेचं स्टेशन. सोव्हिएत काळात त्याचं नाव 'ऑक्टोबर क्रांती चौक' होतं आणि त्यात चौकासाठी 'प्लोश्चा' हा स्लाव शब्द होता. १९९१मध्ये नाव बदललं, 'मैदान नेझालेझ्नोस्ती', स्वातंत्र्य चौक. ऑक्टोबर क्रांती गेली, तिच्यासोबत 'प्लोश्चा'ही गेला. रशियनमध्येही चौकाला 'प्लोश्चद'च म्हणतात, त्यामुळे 'मैदान' म्हटलं की ते युक्रेनचं, हे आपोआप ठरून गेलं.

पुढची गंमत आमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला चटकन कळेल. आमच्याकडे "उद्या कुंडलला मैदान आहे" म्हणतात. कुंडलला मोकळी जागा आहे ही काही बातमी नव्हे. उद्या तिथे कुस्त्या आहेत, हा त्याचा अर्थ. फ्लेक्सवर 'भव्य कुस्ती मैदान' छापतात, शर्यतीच्या बैलांचं मैदान भरतं, आणि एखादा पैलवान गेल्या वर्षीचं मैदान आठवून हळहळतो. जागेचं नाव घटनेला लागलं. युक्रेनियनमध्ये अगदी हेच झालं. २००४मध्ये अध्यक्षीय निवडणुकीत लबाडी झाली म्हणून लोक नारिंगी रंग घेऊन चौकात बसले, सर्वोच्च न्यायालयाने निकाल रद्द केला, फेरमतदानात विरोधी उमेदवार युश्चेन्को जिंकले. ते एक मैदान. नोव्हेंबर २०१३मध्ये सरकारने युरोपीय संघाबरोबरचा करार ऐनवेळी बाजूला ठेवला. त्यातून जे उभं राहिलं ते दुसरं मैदान, म्हणजेच युरोमैदान. फेब्रुवारी २०१४मध्ये तेव्हाचे अध्यक्ष यानुकोविच मैदान सोडून पळाले. (हा वाक्प्रचार इतका चपखल बसताना क्वचितच पाहिला आहे.)

रशियन सरकारी माध्यमांच्या तोंडी मात्र 'मैदान' म्हणजे बाहेरच्यांनी घडवलेली बंडाळी. मॉस्कोत २०१५मध्ये 'अँटिमैदान' नावाने मोर्चाच निघाला होता. तेव्हा तुमच्या लेखातला शब्द कोणाच्या तोंडी आहे ते आधी बघा.

चौकावरून निघालेला दुसरा शब्द मला याहून बोलका वाटतो: 'रिनोक'. जर्मन 'रिंग'वरून पोलिश 'रिनेक', गावामधला बाजारचौक. तिथून युक्रेनियन आणि रशियनमध्ये. पश्चिम युक्रेनमधल्या ल्विव शहराच्या मुख्य चौकाचं नाव आजही 'प्लोश्चा रिनोक' आहे, मुळाशी गेलं तर 'चौक चौक'. हाच शब्द १९९०च्या सुमारास अर्थकारणात शिरला. 'रिनोक'कडे जायचं म्हणजे बाजारव्यवस्थेकडे जायचं; मॉस्कोत तर त्यासाठी '५०० दिवसां'ची योजना आखली होती. ती बारगळली. २ जानेवारी १९९२ला रशियाने बहुतेक किमती एका फटक्यात मोकळ्या सोडल्या, आणि युक्रेनमध्ये १९९३ साली महागाईचा दर १०,००० टक्क्यांच्या पुढे गेला. लोकांनी 'प्रिवातिझात्सिया'चं, म्हणजे खासगीकरणाचं, 'प्रिख्वातिझात्सिया' केलं. 'प्रिख्वातित' म्हणजे लंपास करणं. मराठीत 'खाऊगीकरण' म्हणून बघा, साधारण तीच चव येते. पश्चिमेकडून आलेल्या चौकाच्या शब्दाने लोकांचे खिसे रिकामे केले आणि पूर्वेकडून आलेल्या चौकाच्या शब्दात ते जाब विचारायला जमले, असं मी गमतीने म्हणतो. इतिहासकार मान्य करणार नाहीत.

आता तुमच्या भाषांतराचं. जागेचा उल्लेख असेल तिथे 'स्वातंत्र्य चौक' लिहा, "पोलिसांनी चौक रिकामा केला". आंदोलनाचा असेल तिथे 'मैदान' ठेवा, "दुसऱ्या मैदानानंतर सरकार बदललं". पहिल्या वेळी अवतरणचिन्हं पुरेत. 'मैदान चौक' मात्र नको, मराठी बातम्यांत तो दिसतो आणि ल्विवच्या 'प्लोश्चा रिनोक'ला भाऊ मिळाल्यासारखा वाटतो.

त्याच लेखात पुढे 'नेबेस्ना सोत्न्या' येईलच, २०१४च्या मैदानात मारल्या गेलेल्या शंभरेक जणांना दिलेलं नाव. 'सोत्न्या' म्हणजे कोसॅक सैन्यातली शंभरांची तुकडी. मैदानातल्या रक्षक तुकड्यांनाही तेच म्हणत. इंग्रजीवरून 'स्वर्गीय शंभर' करू नका. मैदान दोघांनी उसनं घेतलेलं, पण हे दोन शब्द नात्यातले आहेत: 'नेबो' म्हणजे आपलं नभ, आणि 'स्तो' म्हणजे आपलं शत. मी 'नभातली शंभरांची तुकडी' लिहीन.