घे, पण सर्व्हरसाठी नको

प्रिय पोरी,

तुझा व्हॉइस मेसेज काल रात्री ऐकला. मागे ‘पुढील स्टेशन करी रोड’ इतकं ठणठणीत वाजत होतं की तुझा प्रश्न दोनदा ऐकावा लागला. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या युद्धाच्या गेमचा अगदी पहिला, २००३ सालचा भाग तू सेलमध्ये घेतलास, दोन आठवड्यांत संपवलास, आणि आता त्याचं एक्स्पान्शन, म्हणजे वेगळी विकलेली पुरवणी, ‘युनायटेड ऑफेन्सिव्ह’ घ्यावं का म्हणून विचारतेस. तेही सीएच्या आर्टिकलशिपच्या स्टायपेंडमधून, म्हणजे एकेक रुपया मोजून.

उत्तर आधी देतो, पाल्हाळ मागाहून. कॅम्पेन, म्हणजे एकटीने खेळायची गोष्ट, खेळणार असशील तर डोळे मिटून घे. ऑनलाइन मजा येईल या आशेवर घेत असशील तर राहू दे.

आता पाल्हाळ. हिंदमाताजवळ माझं सायबर होतं हे तुला ऐकून माहीत आहे. तळमजल्यावरचा गाळा, आठ पीसी, तासाला वीस रुपये. पोरं प्रोजेक्टचे प्रिंट काढायला म्हणून यायची आणि तीन तास काउंटर-स्ट्राइक खेळून जायची. त्या वेळी मीही पंचविशीतला, हातात गल्ला, त्यामुळे अक्कल बेताची. एका वेगळ्याच युद्धाच्या गेमचं नवं एक्स्पान्शन आलं म्हणून लॅमिंग्टन रोडवरून ओरिजिनल डबा घेऊन आलो. एकच डबा. आठ ओरिजिनल डबे घ्यायची ऐपत नव्हती. दुकान बंद झाल्यावर सीडी घातली, नवे मॅप, म्हणजे खेळायची नवी मैदानं, उघडली, आणि मग लक्षात आलं की बाकीच्या सात पीसींवर ते मॅपच नाहीत. माझ्याबरोबर खेळणार कोण? मी एकटाच त्या मोठ्या मैदानात रणगाडा फिरवत बसलो. रिकाम्या मैदानात रणगाडा फिरवताना काय वाटतं ते सांगू? मे महिन्यात सुट्टीच्या दिवशी फोर्टच्या गल्लीतून एकट्याने चालल्यासारखं.

हे माझ्या एकट्याच्या मूर्खपणाचं दुखणं नव्हतं, हे पुढे कळलं. पैसे देऊन घ्यायचे मॅप खेळणाऱ्यांची वाटणी करतात. ज्यांनी घेतले ते एका बाजूला, ज्यांनी नाही घेतले ते दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हीकडची गर्दी पातळ. मोठ्या कंपन्यांना हे उमगायला बरीच वर्षं लागली. ‘बॅटलफील्ड’ या दुसऱ्या युद्धाच्या गेममध्ये ‘बॅटलफील्ड १’पर्यंत नव्या मॅपसाठी प्रीमियम पास विकला जायचा. २०१८च्या ‘बॅटलफील्ड फाइव्ह’ने तो बंद केला, आणि २०१९च्या ‘मॉडर्न वॉरफेअर’पासून ‘कॉल ऑफ ड्यूटी’नेही मॅप विकणं सोडलं. आता ते बंदुकीवरचा रंग विकतात. तो धंदा बरा की वाईट, यावर तुझ्याशी वडापाव खात भांडायला मी कधीही तयार आहे.

म्हणून कुठल्याही एक्स्पान्शनबद्दल मी एवढंच पाहतो की खेळताना माझ्या हाताला नवीन काही करावं लागतं का. जुनीच सवय नव्या गावात नेली असेल तर ती जागाबदल झाली. पाहुण्यांकडे चार दिवस राहायला गेल्यासारखी. त्याला पैसे कशाला घालायचे?

युनायटेड ऑफेन्सिव्ह इथे पास होतं. मूळ गेम इन्फिनिटी वॉर्डचा, पण २००४ साली हे एक्स्पान्शन ग्रे मॅटर नावाच्या वेगळ्या स्टुडिओने केलं. ‘रिटर्न टू कॅसल वुल्फनस्टाइन’ ज्यांनी केला तेच लोक. बाहेरच्या माणसाने घरात येऊन फर्निचर हलवावं तसं त्यांनी केलंय. तू आत्ता ज्या गेममध्ये दोन आठवडे चालत होतीस, त्यात धावता येत नाही, आठवतंय? इथे धावता येतं, पण दम लागतो. ग्रेनेडची पिन काढून ते हातात धरून ठेवता येतं, म्हणजे फेकल्यावर समोरच्याला पळायला सवड मिळत नाही. जास्त धरलंस तर तूच जातेस. जड मशीनगन स्वतः उचलून न्यायची, भिंतीवर किंवा जमिनीवर टेकवायची आणि मगच चालवायची. ऐकायला बारीकसारीक वाटेल. पण दम मोजून एका आडोशापासून दुसऱ्या आडोशापर्यंत पळायचं, हा वेगळाच खेळ आहे. दादरच्या पुलावर समोरून गर्दी येताना आपण जसा अंदाज घेतो ना, तसा.

कॅम्पेन तीन आहेत. पहिलं अमेरिकन, डिसेंबर १९४४मधल्या बेल्जियममधल्या बास्तोनच्या वेढ्याचं. बर्फातलं जंगल, धुकं, आणि वर झाडांच्या शेंड्यांवर फुटणारे तोफगोळे. हेडफोन लावून खेळ. लॅपटॉपच्या स्पीकरवर तो आवाज म्हणजे पत्र्यावर कुणीतरी हरभरे सांडल्यासारखा येतो. दुसरं ब्रिटिश, आणि तिथे सुरुवातीलाच तू बॉम्बर विमानात असतेस. शत्रूची विमानं चारी बाजूंनी येतात आणि तुला विमानातल्या एका बंदुकीवरून दुसरीवर धावावं लागतं. मला आजही ते मिशन सगळ्यात आवडतं, जरी इतिहासाच्या दृष्टीने ते थोडं ओढूनताणून आहे. ब्रिटिशांचं रोजच्या कामाचं बॉम्बर लँकेस्टर, आणि गेममध्ये मात्र अमेरिकन बी-१७. त्यांच्याकडे ती होती, पण मोजकी. पुढे हेच ब्रिटिश कॅम्पेन सिसिलीला जातं. तिसरं रशियन, १९४३च्या उन्हाळ्यातलं कुर्स्क आणि मग खारकीव. तिथे माणसांची आणि रणगाड्यांची इतकी झुंबड आहे की सोप्या लेव्हलवरही तू मरशील. खूप मरशील. चिडून लॅपटॉप आपटू नकोस, ऑडिटची कामं त्याच्यावरच आहेत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण तू पुढचा भाग मित्राकडे खेळलीयस. त्या दुसऱ्या भागात गोळी लागली की आडोशाला बसायचं, थोड्या वेळाने आपोआप बरं वाटतं. इथे तसं नाही. मूळ गेमसारखीच औषधाची पेटी सापडली तर वाचलीस.

इटलीचा विषय निघालाच आहे म्हणून जरा वाट सोडून बोलतो. एक्स्पान्शनच्या मल्टिप्लेयरमध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून खेळायच्या भागात, कॅसिनो नावाचा मॅप आहे. खऱ्या मॉन्ते कॅसिनोला १९४४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चौथी भारतीय डिव्हिजन लढली होती. त्या मॅपवर ती नाही. गेमच्या ब्रिटिश बाजूतही आपलं कुणी सापडत नाही. आणि माझी आत्या माणगावची. लहानपणी गणपतीला गावी जाताना एसटी तिथे थांबायची, आणि तहसील कचेरीसमोर एका सैनिकाचा पुतळा दिसायचा. मला वाटायचं, शिवाजी महाराजांचा कुणी सरदार असेल. तो नाईक यशवंत घाडगे यांचा. वय बावीस, तुझ्याहून एका वर्षाने मोठे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. १० जुलै १९४४ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे मशीनगनच्या गोळ्यांनी पडले, कुणी मेले, कुणी जखमी. हे एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. ग्रेनेड टाकून ती गन आणि चालवणारा उडवला, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. त्यानंतर दुसऱ्या जागेवरून झालेल्या गोळीबारात ते गेले. व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मरणोत्तर मिळाला.

मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. ही ओळ वाचल्यापासून मला रीलोडचं बटण दाबताना दर वेळी ती आठवते. आपण ते बटण किती सहज दाबतो, अर्धं मॅगझिन भरलेलं असतानाही, नुसत्या सवयीने. याने गेम वाईट होत नाही. मी अजूनही खेळतो.

आता सर्व्हरचं, म्हणजे ऑनलाइन खेळण्याचं. मल्टिप्लेयर त्या काळी फार पुढचं होतं. जीप, रणगाडे, एकमेकांचे तळ उडवण्याचा मोड, आणि एका मॅचमध्येच पॉइंट मिळवून बढती, जिच्यावर तोफखाना मागवता यायचा. आमच्या लॅनवर, म्हणजे दुकानात एकमेकांना जोडलेल्या पीसींवर, पोरं त्यासाठी रात्रभर बसायची. पण ते २००४-०५ होतं. आज वीस वर्षांनंतर जे थोडे सर्व्हर चालतात त्यांवर जुने मुरलेले गडी आहेत, दिवेलागणीला ओट्यावर पत्ते कुटणाऱ्या म्हाताऱ्यांसारखे. ते तुला आत घेतील, पण तीस सेकंदांत लोळवतीलही. शिवाय सर्व्हर दूर असला की मुंबईतून पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ, वाढतो, आणि जुन्या गेममध्ये तो जास्तच जाणवतो. तू गोळी मारतेस तेव्हा समोरचा केव्हाच भिंतीआड गेलेला असतो. त्यासाठी पैसे टाकू नकोस.

तुझा लॅपटॉप चालेल का, हेही विचारलंस. चालेल. ग्राफिक कार्ड नसलं तरी चालेल. हा ज्या इंजिनवर उभा आहे ते ‘क्वेक ३’चं, आणि ते त्या काळच्या डब्ब्यांवर पळायचं. त्रास एकच होईल. स्क्रीन चौकोनी दिसेल, कारण तेव्हा मॉनिटरच चौकोनी होते. सेटिंगच्या फाइलमध्ये रुंदी-उंचीचे आकडे हाताने भरावे लागतील. रविवारी ये, करून देतो. टेलिग्रामवरून कुणी फुकट फाइल पाठवली तर मात्र ती उघडू नकोस. त्याच लॅपटॉपवर क्लायंटचं जीएसटी पडलंय.

घाईही करू नकोस. जूनअखेरीस आणि डिसेंबरच्या शेवटी स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात मोठा सेल लागतो, तेव्हा किंमत बघ आणि मगच ठरव. घेतल्यावर पहिल्याच संध्याकाळी चालवून पाहा. चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत मागता येतात. बॉम्बरचं मिशन यायच्या आत दोन तास उलटतील, तेव्हा बास्तोनच्या जंगलातच ठरवायचं की हे आपल्याला जमतंय की नाही.

आणि एक. पाच नंबरच्या पीसीवर कोण बसायचं, तुझ्या बाबांनी कधी सांगितलंय का? तू तेव्हा सहा-सात महिन्यांची होतीस, घरी झोपायची पंचाईत. तो नाइट शिफ्ट सुटल्यावर सकाळी झोपायच्या आधी माझ्याकडे यायचा, तासाचे वीस रुपये आधी टेबलावर ठेवायचा, आणि हेच युनायटेड ऑफेन्सिव्ह खेळायचा. वाघासारखा खेळायचा असं नाही, पण हट्टी. सिसिलीपर्यंत पोचला होता. मग २००५ची २६ जुलै आली. हिंदमाताचं पाणी माझ्या गाळ्यात कमरेपर्यंत चढलं. आठपैकी सहा सीपीयू गेले, त्यात पाच नंबरही. मी ती हार्ड डिस्क पंख्याखाली वाळवली, तांदळात ठेवली, एका ओळखीच्याकडे दिली. काही उपयोग झाला नाही. त्याने पुन्हा सुरुवात केलीच नाही. म्हणाला, एवढा बर्फ परत कोण तुडवणार.

रशियन कॅम्पेन त्याने अजून पाहिलेलं नाही. तू सिसिलीला पोचलीस की त्याला खुर्ची दे.

तुझा,
सायबरवाला काका