वाचकांचे प्रश्न : हिस्टेरिया म्हणजे नेमकं काय होतं?

प्रश्न : फिट आलेल्या बाईच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरतात. ग्रीक वैद्यही असंच करत म्हणे. खरं का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : वासाचा उपाय ते करत, पण त्यामागची समजूत वेगळी होती. ग्रीकमध्ये 'हिस्टेरा' म्हणजे गर्भाशय. हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांत असं म्हटलंय की, गर्भाशय कोरडं पडलं की ते जागा सोडून वर सरकतं, यकृताला किंवा काळजाला जाऊन टेकतं आणि बाईचा श्वास कोंडतो. म्हणून घाण वास नाकाशी धरायचा, म्हणजे ते खाली पळेल. आणि सुगंधी धुरी खालून द्यायची, म्हणजे ते ओढलं जाईल. जळके केस, विझलेल्या दिव्याच्या वाती, जाळलेलं हरणाचं शिंग, जळकी लोकर असा सगळा सरंजाम असे. 'लग्न लावा, मूल होऊ द्या' हा सल्लाही याच ग्रंथांतला. तो आपल्याकडेही अजून कानावर पडतो.

मात्र या ग्रंथांत 'हिस्टेरिया' नावाचा आजार नाही, 'गर्भाशयामुळे होणारी घुसमट' आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच अभ्यासक लित्रे यांनी या ग्रंथांचं फ्रेंच भाषांतर करताना मथळ्यांत 'हिस्टेरिया' घातलं आणि नाव अडीच हजार वर्षं जुनं वाटू लागलं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या सोरेनस या ग्रीक वैद्याने तर स्पष्ट लिहिलं की, गर्भाशय हे बिळातून बाहेर पडणारं जनावर नव्हे. धुरीने रुग्णाचं नुकसानच होतं, असं त्याचं मत होतं. तरीही ही समजूत पुढे कित्येक शतकं टिकली, याचं वाईट वाटतं. आयुर्वेदाच्या आधुनिक पुस्तकांत हिस्टेरियाला 'योषापस्मार' म्हणतात. योषा म्हणजे स्त्री, तेव्हा पुरुषाला हे होऊ शकतं हे नावातूनच पुसलं जातं.

प्रश्न : पॅरिसमधल्या जुन्या फोटोंतल्या बायका नाटक करत होत्या का? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : नाटक म्हणणं अन्यायाचं ठरेल. ते फोटो एकोणिसाव्या शतकातले, पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातल्या हिस्टेरियाच्या रुग्णांचे. तिथे इमारत मोडकळीला आल्यामुळे अपस्माराचे (फेफऱ्याचे) आणि हिस्टेरियाचे रुग्ण एकाच विभागात ठेवले गेले. हिस्टेरियाच्या रुग्णांना रोज अपस्माराचे खरे झटके डोळ्यांसमोर दिसत होते. त्यात तिथले मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांनी हिस्टेरियाच्या झटक्याचे चार टप्पे ठरवून दिले, शिवाय फोटो आणि जाहीर प्रात्यक्षिकं होतीच. शार्को यांच्या अशाच एका प्रात्यक्षिकाचं, चित्रकार ब्रुइए यांचं १८८७ चं चित्र नीट पाहा: ब्लांश विटमन ही रुग्ण मागे झुकलेली आहे, शार्को यांचे सहकारी बाबिन्स्की यांनी तिला धरलंय. तिच्या समोर, श्रोत्यांमागच्या भिंतीवर, कमानीसारख्या वाकलेल्या बाईचं मोठं रेखाचित्र टांगलेलं आहे. काय अपेक्षित आहे, ते तिला समोरच दिसत होतं. अशा वातावरणात लक्षणं त्या साच्यात बसत जातात, आणि ते रुग्ण जाणूनबुजून करत नाही. १८९३ मध्ये शार्को वारले आणि चार टप्प्यांचे ते झटके विरळ झाले.

एक गोष्ट मात्र शार्को यांच्या बाजूने सांगायला हवी: पुरुषांनाही हिस्टेरिया होतो, हे त्यांनी रेल्वे अपघातातल्या कामगारांची उदाहरणं देऊन ठासून मांडलं.

प्रश्न : हिस्टेरियावर इलाज म्हणून डॉक्टरांनी व्हायब्रेटर शोधला, हे खरं का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : नाही. हा समज १९९९ च्या एका पुस्तकामुळे पसरला. २०१८ मध्ये दोन अभ्यासकांनी त्यातले संदर्भ तपासले, तेव्हा पुरावा सापडला नाही. विजेवर चालणारं ते यंत्र बनवणारे ब्रिटिश डॉक्टर ग्रॅनव्हिल यांनी १८८३ मध्येच लिहिलं होतं की, आपण स्त्रियांवर ते वापरत नाही.

प्रश्न : आईच्या जुन्या केसपेपरवर 'हिस्टेरिया' लिहिलंय. आज डॉक्टर काय लिहितील? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या यादीतून ते नाव १९८० मध्ये गेलं. आज 'फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर' (नसा-स्नायू शाबूत, पण मेंदूच्या कामकाजात बिघाड) म्हणतात, आणि 'रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे मनाचं' एवढ्यावर ते निदान करायचं नसतं. तपासणीत ठोस खूण सापडावी लागते.

उदाहरणार्थ, हूव्हरची खूण. रुग्णाला पाठीवर झोपवून डॉक्टर कमजोर पायाच्या टाचेखाली हात ठेवतात. 'टाच खाली दाबा' म्हटलं तर जोर लागत नाही. मग हात तसाच ठेवून दुसरा, चांगला पाय वर उचलायला सांगतात आणि त्याला वरून रोध देतात. आता कमजोर टाच आपोआप जोरात दाबली गेली, तर स्नायू आणि नसा शाबूत आहेत, बिघाड हालचालीच्या आज्ञेत आहे. कंबर किंवा पाय दुखत असेल तर ही खूण फसवते, म्हणून एकटीवर विसंबत नाहीत. रुग्णाला ती दाखवून समजावणं हा उपचाराचाच भाग आहे, पुढे फिजिओथेरपी.

जुन्या निदानांत चुका बऱ्याच होत. अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा १९५० च्या दशकात चुकीच्या निदानाचं प्रमाण २९ टक्के आढळलं, १९७० नंतर सुमारे ४. म्हणून आईला अजून त्रास होत असेल तर केसपेपर घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा. झटके येत असतील तर आधी त्यांना कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, कांदा-चप्पलही नको. मग मोबाइलवर व्हिडिओ घ्या: चेहरा आणि डोळे दिसू द्या (मिटलेले की उघडे, हे फार महत्त्वाचं), वेळ मोजा. पाच मिनिटांवर गेलं तर थेट रुग्णालय. अपस्माराच्या गोळ्या चालू असतील तर स्वतःहून बंद करू नका. काहींना अपस्माराचे आणि फंक्शनल असे दोन्ही प्रकारचे झटके येतात.